मारलं नाही, नुसतं बांधलं : जपानची गोष्ट आणि आपले प्रश्न

(उन्हाळी शिबिर, २००४. दुसऱ्या दिवशी दुपारी झालेली मांडणी. ज्या गावांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. ज्याला वाचता येतं त्याने रात्री पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावी.)



काल रात्रीच्या बैठकीत जी गोष्ट निघाली तिथूनच सुरुवात करू. जे काल नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

मागच्या पावसाळ्याआधी आपल्यातल्या एका पाड्याची गुरं रोपवनात शिरली. रखवालीला ठेवलेल्या माणसांनी गुराखी पोराला धरलं. त्याच्याच बैलाचं दावं सोडलं, त्याचे हात मागे बांधले आणि दुपारपासून दिवस मावळेपर्यंत सागाच्या झाडाला बांधून ठेवला. पाणीसुद्धा दिलं नाही. तो सभेत आला तेव्हा मनगटावर वळ होते. आपले एक वडीलधारे म्हणाले, "जाऊ द्या. मारलं तर नाही ना? नुसतं बांधलं." पोरगा काही बोलला नाही. मान खाली घालून बसला. तेव्हा मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "मारलं नाही ते खरं. पण बांधायचा हक्क त्यांना दिला कोणी?"

या प्रश्नाला काल आपल्यापैकी कोणाकडेच नीट उत्तर नव्हतं. मग एका तरुणाने दुसरा प्रश्न टाकला. जगात असा कुठला देश आहे का, जिथे पोलीस लाठी-गोळीशिवाय माणूस धरतात?

या दुसऱ्या प्रश्नासाठी आम्ही जपानची माहिती घेऊन बसलो आहोत. जपानच का? एक तर तिथे साध्या माणसाच्या घरात बंदूक नसते, पोलीस क्वचितच गोळी चालवतात आणि खाजगी पहारेकऱ्याकडे बंदूक नसतेच. माणूस जिवंत धरायच्या तिथल्या रीती फार जुन्या आहेत. दुसरं म्हणजे, त्याच देशात शेतकऱ्यांनी जमिनीसाठी मोठा लढा दिला आणि हे सगळं त्यांच्यावर चालवलं गेलं. तेव्हा चांगलं काय आणि वाईट काय, दोन्ही एका ठिकाणी बघायला मिळतं.

बेळक्याची काठी

कुंपणाला काट्या घालताना आपण बेळकं वापरतो. लांब काठी, टोकाला दोन फाटे. काट्यात हात न घालता काटी उचलायची. जपानात माणूस धरायला अगदी असंच हत्यार आहे. त्याला म्हणतात सासुमाता. माणसापेक्षा लांब काठी आणि टोकाला अर्ध्या चंद्रासारखा लोखंडी फाटा. तो फाटा माणसाच्या कमरेला, छातीला किंवा पायाला लावायचा आणि भिंतीशी किंवा जमिनीवर दाबून धरायचा.

ही तीनशे-चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा टोकियो शहराचं नाव एदो होतं. शिपायांच्या चौकीत तीन हत्यारं उभी करून ठेवलेली असत. एक हे बेळकं. दुसरी आडव्या दांड्याची काठी, माणसाला ढकलायला आणि पाय अडकवायला. तिसरीच्या टोकाला बाभळीच्या काट्यांसारखे लोखंडी काटे. तिथले लोक ढगळ बाह्यांचे कपडे घालत, ती काठी बाहीत खुपसून पिळली की माणूस अडकला. या काठ्यांच्या वरच्या भागावरही खिळे ठोकलेले असत, म्हणजे पकडलेल्याने काठीच धरून हिसकावू नये. समोरच्याच्या हातात तलवार असली तरी चार जणांनी चार बाजूंनी त्याला लांबूनच अडवायचं, अशी ही रीत.

आता कोणी म्हणेल, किती दयाळू लोक! जरा थांबा. त्या काळच्या न्यायात आरोपीचा कबुलीजबाब फार मोठा मानत. कबूल करून घ्यायचं तर माणूस जिवंत हवा. जिवंत धरण्यामागे हेही एक कारण होतं. आणि कबूल करत नाही म्हटलं की छळ चालू. गुडघ्यांवर दगडाच्या लाद्या ठेवणे, दोरीने टांगणे, अंग वाकवून कोळंबीसारखं बांधून ठेवणे, हे सगळं तिथे कायद्यानेच चाले. असा छळ कायद्यातून गेला तो १८७९ साली.

दुसरंही एक ध्यानात घ्या. शिपाई काठीवर का भागवू शकत होते? कारण रयतेची हत्यारं आधीच काढून घेतली होती. १५८८ साली हिदेयोशी नावाच्या राज्यकर्त्याने हुकूम काढला की शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, बंदुका जमा कराव्यात. सांगितलं असं की या लोखंडाचे खिळे-कड्या करून बुद्धाच्या मोठ्या मूर्तीच्या कामाला लावू. खरी भीती शेतकऱ्यांच्या उठावाची होती. आणि याच राज्यकर्त्याने देशभर जमिनीची मोजणी केली, कोणत्या शेतातून किती भात यायला हवं ते वहीत चढवलं. एका हाताने मोजणी, दुसऱ्या हाताने हत्यारबंदी. आपल्या जंगलाच्या मोजण्या ज्यांना आठवतात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे बेळकं मधल्या काळात मागे पडलं होतं. ते परत आलं एका फार दुःखाच्या घटनेनंतर. ८ जून २००१ रोजी ओसाकाजवळ इकेदा गावच्या प्राथमिक शाळेत एक माणूस सुरा घेऊन शिरला. ८ लहान मुलं मारली गेली. त्यानंतर देशभरच्या शाळांमध्ये हलक्या ॲल्युमिनियमची बेळकी ठेवली गेली आणि पोलिसांनी शाळेत येऊन शिक्षकांना ती धरायला शिकवलं. शिकवतात ते असं. एकट्याने पुढे जायचं नाही. दोघा-तिघांनी मिळून, एकाने कमरेला, दुसऱ्याने पायाला लावायचं. धरता आलं नाही तरी चालेल, माणूस मुलांपासून लांब राहिला पाहिजे. आणि पोलीस येईपर्यंतच. पुढचं काम शिक्षकांचं नाही.

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. त्याच्याकडे आपण परत येणार आहोत.

दोरी

आता दोरी. आपल्या पोराला दोरीनेच बांधलं, म्हणून हे नीट ऐका.

एदोच्या काळात पकडलेल्याला दोरीने बांधायची मोठी विद्या होती. तिची वेगवेगळी घराणी होती. सरदाराला बांधायची तऱ्हा वेगळी, शेतकऱ्याला वेगळी, बाईला वेगळी. दोरी बघूनच लोकांना कळे की पकडलेला कोण आहे. म्हणजे बांधण्यातसुद्धा उच्च-नीच होतंच. पण त्या विद्येचा एक नियम सांगितला जातो. माणूस सुटू नये, पण त्याला इजाही होऊ नये. ज्याचा गुन्हा अजून ठरलेला नाही त्याला नुसते वेढे द्यायचे, गाठ मारायची नाही. गाठ मारली की तो 'बांधलेला' झाला, आणि तो डाग त्याच्या घराण्यावर राहतो.

बघा साथींनो. ज्या राज्यात टांगून छळ करत होते, त्याच राज्यात एवढी समज होती की माणूस बांधला म्हणजे त्याची अब्रू बांधली. काल आपला पोरगा मान खाली घालून का बसला होता? वळ दुखत होते म्हणून नाही. वळ केव्हाच बरे झाले.

आजही जपानात आरोपीला कोर्टात नेताना हातात बेड्या आणि कमरेला दोरी असते. पण तिथली वर्तमानपत्रं आणि टीव्हीवाले बेड्या घातलेले हात शक्यतो दाखवत नाहीत, तेवढा भाग पुसट करतात. गुन्हा ठरायच्या आधी माणूस गुन्हेगार म्हणून दिसू नये एवढ्यासाठी.

आजचे पोलीस

तिथे गल्लोगल्ली लहान चौक्या आहेत, त्यांना कोबान म्हणतात. दारात पोलीस उभा. कमरेला छोटं पिस्तूल असतं, बेड्या आणि आखूड दंडुका असतो. चौकीत लांब काठी असते. प्रत्येक शिपायाला भरतीच्या वेळी ज्युडो किंवा काठी-तलवारीचा खेळ शिकावा लागतो. त्यातून माणूस धरण्याच्या पकडी बसवल्या आहेत. मनगट कसं वळवायचं, खाली कसं पाडायचं, सुरा हातातून कसा सोडवायचा. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला कधी कधी जाड कापडात गोधडीसारखा गुंडाळून नेतात, त्याला स्वतःलाही लागू नये आणि दुसऱ्यालाही. दुकानांत गल्ल्याजवळ नारिंगी रंगाचे गोळे ठेवलेले असतात. चोर पळाला की त्याच्यावर किंवा गाडीवर फेकायचे. गोळा फुटतो, रंग लागतो, मागाहून माणूस ओळखता येतो. पाठलाग नाही, मारामारी नाही.

पण हे सगळं केवळ शिपायाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. १९४८ चा एक कायदा आहे. पोलिसाने हत्यार कधी वापरायचं ते त्यात लिहिलं आहे. गरज असेल तितकंच वापरायचं. आणि माणसाला जखम होईल असं वापरायचं तर स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायचा असला पाहिजे, किंवा गुन्हा फार मोठा असून आरोपी अडून बसला किंवा पळू लागला असला पाहिजे. हत्यार कमरेला आहे म्हणून चालवलं, असं तिथे म्हणता येत नाही. चालवलं तर का चालवलं याचं उत्तर द्यावं लागतं.

पहारेकऱ्याला अधिकार किती?

आता खाजगी पहारेकरी. हा भाग आपल्या सगळ्यात कामाचा.

जपानात चार लाखांहून जास्त खाजगी पहारेकरी आहेत. बँक, कारखाना, दुकान, रस्त्याचं काम, सगळीकडे गणवेश घालून उभे. लांबून बघितलं तर पोलीसच वाटावा. साठ-सत्तरच्या दशकात हे पहारेकरी वाढले तेव्हा मालकांनी त्यांना संपावरच्या कामगारांवर आणि आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांवर घालायला सुरुवात केली. पोलिसांनी मारलं तर जाब विचारता येतो, भाड्याच्या माणसांनी मारलं तर विचारायचा कोणाला? फार आरडाओरडा झाला. १९७२ साली तिथल्या संसदेने पहाऱ्याच्या धंद्यासाठी वेगळा कायदा केला.

त्या कायद्यातलं एक कलम आम्हाला फार आवडलं. त्याचा अर्थ आपल्या भाषेत असा : पहारेकऱ्याने हे ध्यानात ठेवावं की या कायद्याने त्याला कोणताही खास अधिकार मिळालेला नाही. त्याने दुसऱ्याच्या हक्कांवर आणि स्वातंत्र्यावर घाला घालू नये. आणि कोणाही माणसाच्या किंवा संघटनेच्या रास्त कामात ढवळाढवळ करू नये.

गणवेश आहे, दंडुका आहे, शिटी आहे. पण अधिकार तुमच्या-माझ्याइतकाच. पहारेकऱ्याने काय हातात घ्यायचं यावरही त्या त्या प्रांताचे नियम आहेत. बंदूक नाही. दंडुका, ढाल, बेळकं, एवढंच, आणि तेही ठरल्या ठिकाणी.

मग डोळ्यासमोर चोरी झाली तर पहारेकऱ्याने काय करायचं? तिथल्या फौजदारी कायद्यात लिहिलं आहे की गुन्हा करताना सापडलेल्याला कोणीही धरू शकतो. पहारेकरी, दुकानदार, वाटेने जाणारा, कोणीही. पण धरल्यावर त्याला ताबडतोब पोलिसाच्या किंवा सरकारी वकिलाच्या ताब्यात द्यायचं. कोठीत बसवून ठेवायचं नाही, चौकशी करायची नाही, दंड ठोकायचा नाही, धडा शिकवायचा नाही. धरण्याचा अधिकार सुपूर्त करेपर्यंतच.

मऊ हत्यारानेही माणूस मरतो

इथपर्यंत ऐकून वाटेल, जपानचं राज्य म्हणजे रामराज्य. तसं नाही. आता दुसरी बाजू.

नागोया शहरात मोठा तुरुंग आहे. तिथे कैद्यांना आवरायला चामड्याचा पट्टा वापरत. कमरेला रुंद पट्टा आणि त्यालाच हात अडकवायच्या कड्या. काठी नाही, बंदूक नाही, नुसतं चामडं. मे २००२ मध्ये एका कैद्याला हा पट्टा इतका आवळला की तो मेला. सप्टेंबरमध्ये दुसऱ्याला जबर इजा झाली. आधी वरवर मिटवलं गेलं, मग बोभाटा झाला, संसदेत प्रश्न आले, रक्षकांना अटक झाली. २००३ मध्ये तो पट्टाच बंद केला. तिथला तुरुंगाचा कायदा तेव्हा १९०८ चा होता, तोही बदलायची तयारी मग सुरू झाली. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं तो कायदा कोणी धड बदलला नाही. माणसं मेली तेव्हा बदलायला घेतला.

आणखी एक. तिथे पोलिसाने अटक केली की माणूस खटल्याआधी २३ दिवसांपर्यंत कोठडीत राहू शकतो. तेही बहुतेक वेळा पोलीस ठाण्याच्याच कोठडीत. रोज तासन्‌तास चौकशी, आणि चौकशीत वकिलाला बसू देत नाहीत. कोणी हात लावत नसेलही. पण एकटा माणूस, झोप अपुरी, रोज तेच ते प्रश्न. शेवटी तो म्हणतो, लिहा काय लिहायचं ते. अशा कबुलीवर फाशीची शिक्षा झालेली ४ माणसं १९८३ ते १९८९ या काळात पुन्हा खटला चालून निर्दोष सुटली. प्रत्येकाची साधारण तीस-पस्तीस वर्षं तुरुंगात गेली होती.

त्यांना मारलं का? फाशी दिली नाही. नुसतं ठेवलं.

सानरिझुकाचे शेतकरी

आता जमिनीची गोष्ट. टोकियोपासून साधारण ६० किलोमीटरवर नारिता भागात सानरिझुका नावाचं ठिकाण आहे. तिथले बरेच शेतकरी दुसऱ्या महायुद्धानंतर येऊन वसलेले. झाडं-झुडपं तोडून, मुळं उपटून, हाताने जमीन तयार केलेली. ४ जुलै १९६६ रोजी सरकारने ठरवलं की इथे मोठा विमानतळ करायचा. सुमारे १,००० हेक्टर जमीन. शेतकऱ्यांना आधी विचारलंसुद्धा नाही.

शेतकऱ्यांनी संघ काढला. तरुणांचं पथक, बायांचं पथक, म्हाताऱ्यांचं पथक, शाळकरी मुलांचंही पथक केलं. १९७१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सरकार जमीन ताब्यात घ्यायला आलं तेव्हा बायांनी स्वतःला साखळीने झाडांना बांधून घेतलं. लोक जमिनीखाली भुयारं खणून त्यात बसले. वरून पाण्याचे फवारे, ढाली, दंडुके.

साथींनो, इथे जरा थांबा. दोरी-साखळी तीच, झाडही तसंच. पण त्या बायांनी स्वतःला बांधलं आणि आपल्या पोराला दुसऱ्याने बांधलं. एक लढणं आहे, दुसरा अपमान आहे. नुसती साखळी बघून काय चाललंय ते कळत नाही. ती कोणी घातली ते बघावं लागतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकार पुन्हा आलं. १६ तारखेच्या मारामारीत ३ पोलीस मेले. हे आपण लपवायचं नाही. ती पण कोणाची तरी मुलंच होती, आणि त्याने लढ्याचंही नुकसान झालं. २० तारखेला एका एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं घर पाडलं. ती अंगणात भाताच्या कामाला लागली होती. पोलिसांनी तिला उचलून बाहेर नेलं आणि मागे घर भुईसपाट केलं. गोळी नाही, नुसतं उचललं.

१९७७ च्या मे महिन्यात लोकांनी धावपट्टीच्या वाटेत उभारलेला लोखंडी मनोरा सरकारने पाडला. दोन दिवसांनी निषेधाच्या वेळी अश्रुधुराचं नळकांडं एका तरुणाच्या डोक्यात लागलं आणि तो मेला. अश्रुधूर म्हणजे जीव न घेणारं हत्यार, असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

विमानतळ २० मे १९७८ रोजी चालू झाला, तोही एका धावपट्टीवर. दुसरी धावपट्टी चालू व्हायला २००२ साल उजाडलं, आणि तीही ठरली होती त्यापेक्षा आखूड, कारण काही शेतकरी जमिनीवरून हललेच नाहीत. मधल्या काळात, १९९१ पासून, सरकार आणि शेतकरी समोरासमोर बसून बोलू लागले. १९९३ मध्ये सरकारने जबरदस्तीने जमीन घेण्याचा मार्ग सोडला. १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी माफी मागितली. जे १९६६ मध्ये एका बैठकीत विचारता आलं असतं, ते विचारायला जवळजवळ ३० वर्षं गेली आणि माणसं मेली.

यातून आम्ही एकच गोष्ट समजलो. काठी आखूड केली म्हणून अन्याय आखूड होत नाही. हत्यार मऊ आहे का कडक, हा दुसरा प्रश्न. पहिले प्रश्न असे : धरणारा कोण, कोणत्या कायद्याने, किती वेळ, आणि नंतर जाब कोण देणार?

मग आपल्याकडे काय?

कालच्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आता देऊ. आपल्या देशाच्या कायद्यातही हे लिहिलेलं आहे. फक्त आपल्याला कोणी सांगितलेलं नाही. वहीत उतरवून घ्या.

एक. रोपवनावर ठेकेदाराने ठेवलेला रखवालदार हा साधा माणूस. फौजदारी कायद्याप्रमाणे, डोळ्यासमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा झाला तरच तो कोणाला धरू शकतो, आणि विनाविलंब पोलिसाकडे द्यावं लागतं. जपानचा नियम आणि हा नियम एकाच जातीचे.

दोन. वनखात्याच्या माणसाला वन कायद्याच्या कलम ६४ खाली काही गुन्ह्यांत वॉरंटशिवाय अटक करता येते. पण त्यालाही उगाच उशीर न करता मॅजिस्ट्रेटपुढे किंवा पोलीस ठाण्यात न्यावं लागतं. गुरं शिरली तर कोंडवाडा आहे. माणूस झाडाला बांधून ठेवा असं कोणत्याच कलमात नाही.

तीन. कायदा सांगतो की अटक झालेला पळू नये एवढ्यापुरतंच त्याला अडवायचं, त्याहून जास्त नाही. सरसकट बेड्या घालू नका असं सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच सांगितलं आहे.

चार. १९९६ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पोलिसांनी अटक करताना कागद करायचा. त्यावर वेळ, तारीख, साक्षीदाराची सही हवी. घरच्यांना कळवायचं. अंगावर जखम असेल तर मागणी केल्यावर तिची नोंद करायची. आणि २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं.

पाच. हक्क नसताना कोणाला बांधून, कोंडून ठेवणं हा स्वतःच गुन्हा आहे. मार लागलेला असो वा नसो.

म्हणजे वडीलधाऱ्यांना आम्ही हात जोडून सांगतो, "मारलं नाही, नुसतं बांधलं" असं म्हणून गोष्ट संपत नाही. तिथून ती सुरू होते.

आणि आपण स्वतः?

शेवटचं बोलायला जड जातं, पण बोललं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी आपल्याच एका गावाने जंगल राखताना रात्री लाकूडचोर पकडला. बाहेरचा माणूस, ट्रॉलीवाल्याने मजुरीवर आणलेला. आपल्या पोरांनी त्याला समाजमंदिराच्या खांबाला बांधलं आणि सकाळपर्यंत ठेवलं. सकाळी लहान मुलं बघायला जमली, हसली. आपणही तेव्हा म्हणालो होतो, मारलं तर नाही ना.

मूळ ट्रॉलीवाला पळाला आणि मजूर बांधला गेला. त्याचीही कुठेतरी आई होती. जंगल राखणं हा आपला हक्क आहे, तो आपण सोडणार नाही. पण जे आपल्या पोराच्या बाबतीत चुकीचं, ते त्या मजुराच्या बाबतीतही चुकीचं. जपानच्या शाळेतल्या मास्तरांना जे शिकवतात ते आपल्यालाही लागू आहे. एकट्याने जायचं नाही. लांब ठेवायचं, अडवायचं. सुपूर्त करेपर्यंतच.

म्हणून शिबिरात सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या गोष्टी अशा :

गस्तीला कमीत कमी चौघे. त्यात एक लिहिता येणारा. पकडलेल्याला बांधायचं नाही, चारी बाजूंनी बसायचं, पाणी द्यायचं, आणि उजाडायची वाट न बघता पोलीस पाटलाला निरोप द्यायचा. लाकूड, गाडी, गाडीचा नंबर, वेळ वहीत लिहायची, चौघांच्या सह्या-अंगठे घ्यायचे.

आपल्या माणसाला कोणी धरलं तर जमाव करून अंगावर जायचं नाही. चार जणांनी सोबत चालत जायचं, तीन प्रश्न विचारायचे : तुम्ही कोण? कोणत्या कलमाखाली? कुठे नेता? उत्तर मिळो न मिळो, वेळेसकट लिहून ठेवायचं. अंगावर वळ असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्यायचा.

गुराखी पोराची तक्रार अजून दिलेली नाही. उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. काल रात्री त्याने स्वतः सांगितलं की द्यायची आहे. येत्या बाजाराच्या दिवशी आपण सगळे त्याच्याबरोबर ठाण्यात जाणार आहोत. ज्या वडीलधाऱ्यांनी "जाऊ द्या" म्हटलं होतं, तेही येतो म्हणाले.

पाड्यावर वाचून झाल्यावर या दोन प्रश्नांवर बोला आणि काय ठरलं ते पुढच्या बैठकीला कळवा. आपल्या गावात आजवर कोणाकोणाला बांधलं, कोंडलं गेलं, आणि कोणी? आपण कोणाला बांधलं होतं का?

जमीन आमच्या हक्काची!
जिंदाबाद!